मेजरांचा दुसरा बैल

आमच्या स्कूटरच्या मरणाची वाट बघणारा या जगात एकच माणूस होता, आणि तो आमच्या शेजारीच राहत होता.

सकाळी मी स्कूटर तिरकी करून किक मारायला लागलो की कुंपणापलीकडून मेजर इंगवले यांचं डोकं वर यायचं. सात-आठ किका होईपर्यंत ते काही बोलायचे नाहीत. मग स्कूटर सुरू व्हायची आणि त्यांचा चेहरा पडायचा.

"झाली का चालू?" मृत्युपत्रात नाव असलेल्या पुतण्यानं म्हाताऱ्या काकाची तब्येत विचारावी, त्या सुरात ते विचारायचे.

"झाली."

"असू द्या. मला घाई न्हाई, मास्तर. पर हिचं म्होरलं नाक मला पायजे. मोराच्या छातीला लय शोभंल. दुसऱ्या कुणाला शब्द दिऊ नका."

मी मास्तर नाही. सांगलीत विश्रामबागेतल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो. हे मेजरांना मी पहिल्या दोन वर्षांत निदान वीस वेळा सांगितलं असेल. पण ज्याच्या खिशाला पेन आणि नाकाला चष्मा, तो मास्तर, अशी त्यांची सरळ वाटणी होती. त्याबद्दल मात्र मी तक्रार करू शकत नव्हतो, कारण मेजर हे तरी कुठे मेजर होते? सातारा-सांगलीकडे फौजेतून परत आलेला कुठलाही माणूस मेजर होतो. सरकार जी बढती वीस वर्षं देत नाही, ती गाव एसटीतून उतरताक्षणी देतं. इंगवले फौजेत गाड्या दुरुस्त करायचे आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे वडूजकडचे. नव्वद सालाच्या आसपास विश्रामबागेत प्लॉट घेऊन त्यांनी आमच्या शेजारी घर बांधलं.

आम्ही वाईची माणसं. शेजारी निवृत्त सैनिक येणार म्हटल्यावर आम्हाला आनंद झाला होता. पहाटे उठणारा, फाटकाशी गुलाब लावणारा, मोजकं बोलणारा शेजारी मिळणार, अशी आमची समजूत. मग त्यांचा ट्रक आला. त्यातून एक कपाट उतरलं, दोन खाटा उतरल्या आणि नंतर संध्याकाळपर्यंत नुसतं लोखंड उतरत राहिलं. सायकलींच्या साखळ्या, मोडके पाने, विळे, खुरपी, ट्रॅक्टरची चाकं, गुळाच्या गुऱ्हाळातली एक फुटकी काहील.

"भंगारवाले आहेत वाटतं," आमची ही म्हणाली.

भंगारवाले असते तर फार बरं झालं असतं. भंगारवाला आणलेलं भंगार कधी ना कधी विकतो.

मेजर त्या भंगारातून पुतळे करत. आता हा छंद ऐकायला फार गोड आहे. पेपरात असं काही छापून आलं की मीही कात्रण कापून ग्रंथालयाच्या फलकावर लावायचो. पण पेपरातला कलावंत आपल्या भिंतीला भिंत लावून राहत नाही. मेजर राहत होते.

पहिल्यांदा ते आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही. फाटकावर बोटाच्या पेरानं टक्‌ केलं आणि कान लावला. खिडकीच्या गजावर टक्‌. जिन्याच्या कठड्यावर टक्‌. चहा आणायला ही आत गेली तर तिच्यामागून स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कुकरवर टक्‌ केलं. लोखंड ओळखायचं ते आवाजावरून, बघून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. "पोलाद गातंय. बीड खोकतंय," ते म्हणाले. आमचं फाटक खोकत होतं. ठेकेदारानं तुम्हाला पोलादाऐवजी बीड, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंड, देऊन फसवलं, हे त्यांनी मला अशा आवाजात सांगितलं की समोरच्या घरातले लोकही बाहेर येऊन ऐकत उभे राहिले.

त्यांच्या घरी जाणं तर आणखी अवघड होतं. अंगणात दहा-बारा पुतळे उभे असत आणि पाहुण्याला त्यांच्यामधून दारापर्यंत जावं लागे. वाटेत मेजर हात आडवा घालत. एका पुतळ्याकडे बोट करून म्हणत, "वळखा."

ओळखल्याशिवाय चहा नाही, असा नियम होता. आणि ओळखायचं काय, कपाळ? पान्यांचे चार पाय, साखळीची शेपटी, वर एक गियर. मी एकदा मोठ्या उत्साहानं "घोडा!" म्हणालो.

"म्हस हाय," मेजर म्हणाले आणि आत वळून ओरडले, "हौसा, च्या ठिवू नगं!"

हा प्रश्न आमच्या हिनं सोडवला. मेजरांनी "वळखा" म्हटलं की ती दोन पावलं मागे सरायची, डोळे विस्फारायची आणि म्हणायची, "अगबाई, जिवंतच वाटतं!" यात प्राण्याचं नाव घ्यावं लागत नाही. मेजर विरघळायचे. हिला चहा तर मिळायचाच, वर लाडूही. चार महिन्यांत हे वाक्य सगळ्या कॉलनीनं पाठ केलं आणि मेजरांची अशी समजूत झाली की आपली कला आता लोकांना कळू लागली आहे.

हौसाक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, यांना कला वगैरे काही कळत नव्हती आणि त्यामुळे त्या सुखी होत्या. म्हशीच्या शिंगांवर त्यांची धुणी वाळत. काहिलीचं केलेलं एक प्रचंड कासव होतं, उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर त्या सांडगे घालत. "तापतंय बेस," त्या म्हणत. या शिल्पकलेची माझ्या ऐकण्यात आलेली ही एकमेव प्रामाणिक समीक्षा.

खरा घोटाळा रविवारी सकाळी व्हायचा. त्या काळात रविवारी सकाळी सगळी कॉलनी अंघोळी करून टीव्हीसमोर बसलेली असे. पडद्यावर देव धनुष्य उचलत, बाण लावत, आणि नेमकं त्याच वेळी मेजर आपलं वेल्डिंगचं मशीन चालू करत. कॉलनीतले सगळे दिवे मिणमिणत, पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आक्रसत आक्रसत हातरुमालाएवढं होई आणि त्यात देव अंतर्धान पावत. म्हाताऱ्या बायका आधी हात जोडायच्या. तो चमत्कार नसून मेजर म्हशीचे कान जोडत आहेत, हे त्यांना पटवायला काही रविवार जावे लागले.

शेवटी कॉलनीचे अध्यक्ष चार जणांना घेऊन त्यांच्याकडे गेले. चारांतला एक मी. मेजरांनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला.

"मेजर, रविवारी सकाळचा एक तास तरी… देवाचं चाललेलं असतं."

"मग हितं काय चाललंय?" मेजरांनी समोर बोट केलं. "वळखा."

अध्यक्ष घाबरून म्हणाले, "जिवंतच वाटतं."

"गणपती हाय!" मेजर म्हणाले. "तुमचा देव टीव्हीत, माझा हितं. कुणाचा थांबवायचा बोला."

तो गणपती होता यावर विश्वास ठेवून आम्ही परत आलो. पुढे भाद्रपदात त्यांनी त्याची प्रतिष्ठापनाही केली. दीड दिवसानं मात्र त्यांच्या ध्यानात आलं की याचं विसर्जन करता येणार नाही. कृष्णेत सोडला तर बुडेल, पण विरघळणार नाही. तो गणपती पुढे सगळी वर्षं त्यांच्या पोर्चमध्ये मुक्कामाला होता.

अशा माणसाच्या हातून एक गोष्ट मात्र पुरी होत नव्हती. ती आजही अपुरीच आहे, आणि का, तेच सांगायचं आहे.

मेजरांनी एक बैलजोडी करायला घेतली होती. पहिला बैल झाला. तो बैल आहे हे मी न सांगता ओळखलं, यावरून काय ते समजा. मान किंचित खाली घातलेला, एक कान मागे वळवलेला, जू मानेवर यायची वाट बघत असल्यासारखा. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो आणि "जिवंतच वाटतो" हे वाक्य त्या दिवशी मला म्हणता आलं नाही, कारण ते पहिल्यांदाच खरं होतं.

दुसरा बैल मात्र चार पायांवर नुसता उभा होता. त्याला पाठ नव्हती. आठ-नऊ महिने तो तसाच. पाऊस आला की मेजर त्याच्यावर ताडपत्री टाकत, ऊन पडलं की काढत, आणि त्याच्याकडे बघत पायरीवर बसून राहत.

"थांबलंय कशानं?" मी विचारलं.

"नांगर पायजे. जुना लोखंडी. त्येच्या दांडीची पाठ व्हनार."

"मग आणा की. जुन्या बाजारात ढिगानं पडलेत."

"त्यो न्हवं." मेजरांनी बैलाच्या पायावर टक्‌ केलं. "आमच्या बापाचा. गावाकडं हाय, धाकट्या भावापाशी."

"मग मागा त्याच्याकडून."

"बोलनं न्हाई आमचं. नऊ वर्सं झाली."

"कशावरून?"

"काय न्हाई वो. बारीकसं बोलनं झालं हुतं."

आमच्याकडे वाईला भाऊ एकमेकांशी बारीकशा बोलण्यावरून तीस-तीस वर्षं बोलत नाहीत, तेव्हा मला यात काही विशेष वाटलं नाही. चूक झाली ती पुढे. मी सहज म्हणालो, "मग तिसऱ्या कुणाला तरी पाठवा विकत घ्यायला."

मेजरांनी माझ्याकडे बघितलं. फाटकाकडे, गजांकडे, कुकरकडे बघायचे तसंच. मला टक्‌ करून माझ्यात बीड किती आणि पोलाद किती हे ते बघत असावेत.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कागदावर नकाशा काढून आणला. त्यात ओढा होता, मळा होता, भावाचं घर होतं, कुत्रं कुठे बांधलेलं असतं त्या जागी फुली होती. मी इस्लामपूरचा भंगारवाला जाधव व्हायचं होतं. सांगलीहून वडूज गाडीनं जायचं, तिथून दोन मैल चालत मळ्यावर, आणि इकडच्या तिकडच्या मालासोबत नांगरही उचलून आणायचा. मला एक मळकी टोपी, एक पोतं आणि वजनाचा काटा देण्यात आला. उरलं माझं बोलणं. ते त्यांना सर्वांत धोक्याचं वाटत होतं.

"म्हना बगू."

"आपल्याकडे काही जुनं लोखंड आहे का?"

"आवं, तुमी मुलगी बगाया चाललाय का भंगार घ्याया? 'हाय का काय भंगार?' आसं म्हनायचं."

"हाय का काय भंगार?"

"जरा घशातनं."

तीन दिवस मी घशातून म्हणत होतो. आमची ही पदर तोंडात कोंबून आतल्या खोलीत जायची. मी का गेलो, असं कुणी विचारेल. शेजाऱ्याला नाही म्हणायची हिंमत नसणं याला आमच्याकडे सौजन्य म्हणतात, म्हणून गेलो.

विटा, मायणी करत गाडी वडूजला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. चैत्रातलं ऊन. रानं नांगरून उघडी पडलेली, लांबवर झाड नाही. नकाशा अगदी बरोबर होता, फक्त कुत्रं मोकळं होतं. ते माझ्या पोत्याचा वास घेत घेत मला घरापर्यंत सोडायला आलं. लिंबाखाली एक माणूस पाटीत शेंगा फोडत बसला होता. मेजरांचीच चण, तेच कपाळ, फक्त जास्त रापलेलं. हा धाकटा भाऊ, श्रीपती.

मी घशात सगळी ताकद आणली. "हाय का काही भंगार आपल्याकडे?"

त्यानं मान वर केली. माझी टोपी बघितली, चष्मा बघितला, मग पायांतल्या पॉलिश केलेल्या चपला बघितल्या.

"कुठलं म्हनायचं?"

"इस्लामपूरचे. जाधव."

"व्हय का? बसा जाधव." त्यानं आत हाक मारली. त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "आभारी आहे."

श्रीपती उठला, भिंतीच्या कडेचा एक लोखंडी तुकडा आणून त्यानं माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "वळखा बगू, काय हाय ह्ये."

हा शब्द म्हणजे आमच्या मेजरांचा एकट्याचा आजार असं मी समजत होतो, तो घराण्यात चालत आलेला निघाला. तुकडा कशाचा होता ते मला आजही माहीत नाही. तोंडातून आपोआप निघालं, "जिवंतच वाटतं."

श्रीपती मोठ्यानं हसला. हसता हसता थांबला. पाटी बाजूला सारली आणि खाली मातीकडे बघत म्हणाला, "दादा बरा हाय का?"

जाधव तिथंच संपला. मी टोपी काढली.

"बरे आहेत."

"गुडघा दुखायचा त्येचा."

"अजून दुखतो."

"आनि वयनी?"

"त्याही बऱ्या आहेत."

त्यानं मान हलवली. मग मी कोण, कशाला आलो, हे सगळं सांगून टाकलं. नांगराचं सांगितलं, बैलाचं सांगितलं. तो ऐकत होता.

"तुमास्नी सांगितलं का त्येनं, काय झालं हुतं?"

"बारीकसं बोलणं झालं म्हणाले."

"व्हय. बारीकसं." त्यानं एक शेंग उचलली, फोडली नाही. "आई सात म्हैनं हातरुनाला हुती. आमी दोघा नवरा-बायकूनीच केलं सगळं. दादा आसामात. गेली तवा तार धाडली, त्यो आला चौथ्या दिशी. त्येचा काय दोस न्हाई. फौज हाय. तेराव्याला पंगत बसली हुती. नांगर हितं अंगनात पडल्याला, वरनं पाऊस. म्हैनाभर कुनाला ध्यान हुतं नांगराकडं बगायला? दादानं त्यो गंजल्याला बगितला आनि समद्या पावन्यांत म्हनला, तुला लोखंड सांबाळता ईना, आई काय सांबाळली आसशील."

आत भांड्यांचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"चला," श्रीपती उठला.

गोठ्याच्या कोपऱ्यात फळ्यांवर काहीतरी पोत्यांत गुंडाळून ठेवलं होतं. एखाद्या लहान मुलाचं पांघरूण काढावं तशी त्यानं पोती एकेक करून काढली. नांगर काळाभोर चमकत होता.

"अजून नांगरता यानं?"

"छ्या! सा वर्सं झाली, भाड्यानं ट्रॅक्टर सांगतो की."

"मग?"

"दसऱ्याला घासतो, तेल लावतो, पुन्ना बांदून ठिवतो. दर दसऱ्याला. बोट फिरवा."

मी दांडीवरून बोट फिरवलं.

"लागला का गंज?"

"नाही."

"मग तेवडं सांगा त्येला." त्यानं पोती परत गुंडाळली. "आनि ह्यो इकायचा न्हाई. न्यायचा आसंल तर त्येनं यावं. भंगारवालं धाडू न्हाईत. आनि धाडायचंच, तर जरा बरं बगून धाडावं."

जेवल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ खाऊन मी रिकामं पोतं घेऊन सांगलीला परतलो. मेजर फाटकात उभेच होते. माझ्या हातात काही नाही हे त्यांनी लांबूनच बघितलं. मी सगळं सांगितलं. गंज नाही, हेही सांगितलं. दसऱ्याचंही सांगितलं. मग मला राहवलं नाही.

"मेजर, तुम्ही म्हणाला होतात बारीकसं बोलणं."

"बारीकच हुतं," मेजर म्हणाले. "येकच वाक्य."

त्यानंतर आठ दिवस शेजारून आवाज आला नाही. हातोडा नाही, घासणं नाही. दिवे लखलखीत. रविवारी देवांनी पडद्यावर एकूण सतरा बाण मारले आणि सगळेच्या सगळे दिसले. या शांततेसाठी आम्ही चार वर्षं अर्ज-विनंत्या केल्या होत्या. आता कॉलनीतले लोक अस्वस्थ झाले. अध्यक्ष दोनदा येऊन मला विचारून गेले, "मेजर आजारी आहेत का हो? काहीच जाळत नाहीत."

नवव्या दिवशी मेजर कुंपणाशी आले. "मास्तर, उद्या सुट्टी काडता का? वाटंत बोलाया कुनीतरी पायजे."

गाडीत बसल्यापासून विट्यापर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली, मांडीवर हात. विटा सोडल्यावर म्हणाले, "सॉरी म्हनलं तर चालंल का?"

"चालेल की. पण इंग्रजीत कशाला?"

"मराठीत काय म्हनू? 'माफ कर' आपुन भिकाऱ्याला म्हनतो, म्होरं जा म्हनून. भावाला कसं म्हनू? फौजेत बरं हुतं. सॉरी सर म्हनलं की सुटला मानूस."

मी ग्रंथपाल. पंचवीस हजार पुस्तकांमध्ये माझा जन्म गेला. मला त्यांना दुसरा शब्द सुचवता आला नाही. मायणी आली, गेली.

मळ्यावर पोचलो तेव्हा श्रीपती लिंबाखालीच होता. आम्ही येताना त्यानं लांबून बघितलं असणार, पण तो शेवटपर्यंत उठला नाही. मेजर अंगणात जाऊन उभे राहिले.

"आलास?"

"व्हय."

एवढंच. श्रीपती उठून गोठ्यात गेला, मेजर त्याच्यामागून. मी दारात थांबलो. पोती निघाली. मेजरांनी नांगराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवला, फाळाच्या खाली बोट घातलं, बोल्टांच्या खाचा बघितल्या. या माणसाला कुठेतरी काहीतरी सापडणार आणि तो ते बोलून दाखवणार, या भीतीनं मी दाराची चौकट धरून उभा होतो.

"शिरपा," मेजर म्हणाले. "ते मी तवा…"

"ऱ्हायलंय का कुटं तेल लावायचं?"

"न्हाई."

"मग झालं की."

मेजर तरीही तिथून हलले नाहीत. नांगरावरचा हात त्यांनी उचलला नाही.

"आईनं इचारलं का रं मला?"

श्रीपती पोतं झटकत होता. त्यानं ते घडी करून खाली ठेवलं.

"रोज इचारायची. आला का, म्हनायची. शेवटच्या दिशी लयच लावलं, तवा मी खोटं सांगितलं. म्हनलं, आलाय दादा. लांबनं आलाय, सोप्यात निजलाय. बलवू का?"

"मग?"

"म्हनली, ऱ्हाऊ दे. दमला आसंल. उटवू नगंस त्येला."

मेजर गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. माझ्याकडे पाठ होती, ती मला दिसत होती, आणि मी तिथून निघून लिंबाखाली जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं श्रीपतीची बायको तेलाची बुदली घेऊन गोठ्यात जाताना दिसली. दसऱ्याला अजून सहा महिने होते. आत डोकावलो तर दोघं भाऊ नांगराच्या दोन बाजूंना बसून फडक्यानं तो पुसत होते. पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

जेवणं झाली. दोघं एका ताटात जेवले, आणि मेजरांना तिखट कमी लागतं हे त्या घरात अजून कुणी विसरलेलं नव्हतं. परतीच्या गाडीची वेळ झाली तसा मी मेजरांना बाजूला घेऊन विचारलं, "नांगर बांधायचा ना? गाडीच्या टपावर टाकता येईल."

"न्हाई," मेजर म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ द्या."

"अहो, ते द्यायला तयार आहेत. आणि बैल?"

मेजर माझ्यावर चिडले. "त्यो न्हेला तर दसऱ्याला शिरपा काय पुसंल? कळत न्हाई का तुमास्नी, मास्तर?"

मी एकटाच निघालो. ते चार दिवस राहणार होते.

सांगलीला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. हौसाक्का स्वयंपाकघरात परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या. मी दारातूनच सांगितलं, मेजर राहिलेत, चार दिवसांनी येतील.

त्यांनी मान वर केली नाही. "जेवले का?"

"हो. दोघं एका ताटात."

त्यांचे हात पिठात तसेच थांबले. मग त्यांनी परातीतलं अर्धं पीठ उचलून परत डब्यात टाकलं, डब्याचं झाकण लावलं आणि मला म्हणाल्या, "बसा भावजी. च्या टाकते."

त्या दिवशी मला काही ओळखावं लागलं नाही.